घरातले कार्यालय : खर्च कोणाचा, पाठ कोणाची?

१९ ऑगस्ट २०२५ रोजी मुंबई पावसाने ठप्प झाली. सरकारी कार्यालयांना सुट्टी जाहीर झाली आणि खासगी कार्यालयांनी कर्मचाऱ्यांना शक्य तेथे घरूनच काम करू द्यावे, असे आवाहन महापालिकेने केले. दिल्लीत हवा बिघडली की तेथेही निम्म्या कर्मचाऱ्यांना घरी बसवण्याचे आदेश निघतात. २०२० च्या टाळेबंदीत नाइलाजाने स्वीकारलेली सोय आता महानगरांच्या आपत्ती व्यवस्थापनाचाच एक भाग झाली आहे. दुसरीकडे बड्या कंपन्या कर्मचाऱ्यांना परत बोलावत आहेत. टीसीएसने ऑक्टोबर २०२३ पासून, तर ॲमेझॉनने जानेवारी २०२५ पासून आठवड्याचे पाचही दिवस कार्यालयात येण्यास सांगितले. घरून काम चांगले की कार्यालयातून, हा वाद अजून मिटलेला नाही. या वादात एक साधा प्रश्न मात्र मागे पडतो : ज्या घरातून काम करायचे, त्या घरात काम करण्याजोगी जागा आहे का?

या प्रश्नाचे महत्त्व एका जुन्या प्रयोगातून कळते. शांघायमधील सीट्रिप या पर्यटन कंपनीत २०१०-११ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाचे अर्थशास्त्रज्ञ निकोलस ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घरून कामाचा नऊ महिन्यांचा प्रयोग केला. दूरध्वनी केंद्रातील इच्छुक कर्मचाऱ्यांपैकी ज्यांची जन्मतारीख सम होती त्यांना घरी पाठवले गेले, विषमवाले कार्यालयातच राहिले. घरून काम करणाऱ्यांची कामगिरी १३ टक्क्यांनी वाढली. हा आकडा त्यानंतर जगभर उद्धृत झाला आणि आजही होतो.

त्या प्रयोगाची एक अट मात्र फारशी सांगितली जात नाही. घरी ब्रॉडबँड आणि कामासाठी स्वतंत्र खोली असलेल्यांनाच प्रयोगात घेतले होते. घर आणि कार्यालय दोन्हीकडची संगणकीय साधनेही सारखीच होती. १३ पैकी सुमारे ९ टक्के वाढ अधिक मिनिटे काम झाल्यामुळे, म्हणजे सुट्ट्या आणि मधल्या विश्रांती कमी झाल्यामुळे होती. उरलेली ४ टक्के वाढ दर मिनिटाला अधिक कॉल हाताळल्यामुळे होती आणि तिचे श्रेय संशोधकांनी घरातल्या शांततेला आणि सोयीला दिले. थोडक्यात, १३ टक्क्यांचा हा आकडा दार लावून बसता येणाऱ्यांचा आहे.

खोली कोणाला मिळते?

२०११ च्या जनगणनेनुसार देशातील ३७ टक्के कुटुंबे एका खोलीत आणि जवळपास ३२ टक्के कुटुंबे दोन खोल्यांत राहत होती. घरून काम करणारा वर्ग तुलनेने सुस्थितीतला असला, तरी ठाणे, डोंबिवली किंवा पिंपरी-चिंचवडमधील वन-बीएचके घरात ही समस्या संपत नाही. तेथे एक हॉल, एक बेडरूम आणि स्वयंपाकघर असते. पती-पत्नी दोघेही घरून काम करत असतील, तर बेडरूमचे दार बहुधा एकाच्याच वाट्याला येते. दुसऱ्याने हॉलमध्ये जेवणाच्या टेबलाशी बसायचे. मागे दूरदर्शन संच चालू, शेजारी मुलाचा अभ्यास आणि दाराची बेल वाजली की उठायचेही त्यानेच.

हे 'दुसरे' म्हणजे बहुतेकदा पत्नी. २०२४ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात घरातील बिनपगारी कामे करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २८९ मिनिटे देतात, पुरुष ८८ मिनिटे, असे आढळले. घर हेच कार्यालय झाले म्हणून ही २८९ मिनिटे कमी होत नाहीत. कुकरच्या शिट्ट्या मोजत मीटिंगला हजर राहणे हा विनोदाचा विषय झाला आहे, पण लक्ष असे दर दहा मिनिटांनी तुटले तर कामाला वेळ अधिक लागतो आणि तो वेळ रात्रीच्या झोपेतून वजा होतो.

गोंगाटाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट संशोधनातून वारंवार पुढे आली आहे. वाचन, लेखन, हिशेब अशा कामांत नुसत्या आवाजापेक्षा समजणारे बोलणे अधिक व्यत्यय आणते. मिक्सरची घरघर मोठी असली तरी मेंदू तिच्याकडे काही प्रमाणात दुर्लक्ष करू शकतो. मालिकेतले संवाद हळू आवाजात असले तरी कान तिकडे जातातच. त्यामुळे घरात एकच गोष्ट ठरवता येत असेल, तर कामाच्या वेळी टीव्ही बंद ठेवणे किंवा पाहणाऱ्याने इअरफोन लावणे ही ठरवावी.

टेबल जेवणाचे, काम टंकलेखनाचे

जागा मिळाली तरी तिची मापे पाहावी लागतात. जेवणाचे टेबल साधारण ७५ सेंटिमीटर उंच असते. टंकलेखन करताना मात्र कळफलक कोपराच्या पातळीत हवा. सव्वापाच फुटांच्या आतबाहेरची व्यक्ती पाय जमिनीला टेकवून बसली, तर तिचे कोपर ६०-६५ सेंटिमीटरवर येते. म्हणजे टेबल दहा-पंधरा सेंटिमीटर उंच पडते. खांदे नकळत वर उचलले जातात आणि संध्याकाळपर्यंत मानेपासून दंडापर्यंत ओढ लागते. टेबलाचे पाय कापणे कोणाला परवडणार? त्यापेक्षा खुर्चीवर घट्ट उशी ठेवून बसण्याची उंची वाढवावी आणि अधांतरी झालेल्या पायांखाली पाट घ्यावा. स्वयंपाकघरातला लाकडी पाट हे काम उत्तम करतो.

दुसरी अडचण लॅपटॉपच्या रचनेतच आहे. त्याचा पडदा आणि कळफलक एकमेकांना जोडलेले आहेत. हात योग्य उंचीवर ठेवले तर पडदा खाली जातो, पडदा डोळ्यांसमोर आणला तर हात वर जातात. प्रवासासाठी बनलेले हे यंत्र रोज आठ तास वापरले की भार मान सोसते. माणसाचे डोके सुमारे पाच किलोंचे असते. अमेरिकी शल्यविशारद केनेथ हंसराज यांनी २०१४ मध्ये गणिती प्रतिमानावरून काढलेल्या अंदाजानुसार, मान ३० अंशांनी पुढे झुकली की मणक्यांवरील भार १८ किलोंपर्यंत जातो. अचूक आकड्याबाबत मतभेद असतील, पण दिशा स्पष्ट आहे. उपाय म्हणजे वेगळा कळफलक आणि माऊस. दोन्ही मिळून हजार रुपयांच्या आसपास मिळतात. मग लॅपटॉप जाड पुस्तकांवर किंवा पालथ्या डब्यावर असा ठेवावा, की पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली येईल आणि पडदा हातभर अंतरावर राहील.

डोळ्यांचे दुखणे वेगळे आहे. एरवी मिनिटाला पंधरा-वीस वेळा मिटणाऱ्या पापण्या पडद्याकडे पाहताना निम्म्याहून कमी वेळा मिटतात, त्यामुळे डोळे कोरडे पडून चुरचुरतात. दर २० मिनिटांनी २० फुटांपलीकडच्या वस्तूकडे २० सेकंद पाहावे, हा नेत्रतज्ज्ञांचा सल्ला फुकटात पाळता येतो. पैसे मात्र भलतीकडेच खर्च होतात. निळा प्रकाश गाळणारे चष्मे हे त्याचे ठळक उदाहरण. २०२३ मध्ये कॉक्रेन या संस्थेने १७ चाचण्यांचा आढावा घेतला. साध्या चष्म्यांच्या तुलनेत या चष्म्यांनी डोळ्यांचा ताण निदान अल्पकाळात कमी होत नसावा, असा त्याचा निष्कर्ष होता.

प्रकाशासाठी टेबल खिडकीशी काटकोनात असावे. खिडकी समोर असेल तर डोळे दिपतात, पाठीमागे असेल तर पडद्यावर चकाकी येते. एसीसाठी दारे-खिडक्या बंद केलेल्या बेडरूममध्ये दोन माणसे काही तास बसली, की कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण बाहेरच्या हवेच्या दुप्पट-तिप्पट सहज होते. घरातला स्प्लिट एसी तीच हवा फिरवत राहतो. दुपारी येणारी सुस्ती दर वेळी जेवणाचीच नसते. तासाभराने पाच मिनिटे खिडकी उघडली, तर हवाही बदलते आणि उठणेही होते. हे उठणे खुर्चीइतकेच महत्त्वाचे आहे, कारण सर्वोत्तम खुर्चीवरही सलग तीन तास बसणे शरीराला मानवत नाही.

वेळेला दार नाही

जागेचा प्रश्न निदान दिसतो तरी. कामाचे तास वाढले, हे मात्र पटकन लक्षात येत नाही. प्रवासाचे वाचलेले दोन तास विश्रांतीला मिळतील, अशी अपेक्षा होती. अनेक घरांत ते कामातच जमा झाले. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी मे २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संयुक्त अभ्यासानुसार, आठवड्याला ५५ किंवा अधिक तास काम करणाऱ्यांमध्ये ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी, तर हृदयविकाराने मृत्यूचा धोका १७ टक्क्यांनी अधिक आढळला. कार्यालयात दिवे मालवले की दिवस संपतो. घरात तो संपवावा लागतो. काम संपले की लॅपटॉप बंद करून नजरेआड, कपाटात ठेवणे ही लहान कृती वन-बीएचके घरात दाराचे काम करते.

एवढे सगळे कर्मचाऱ्याने स्वतः करायचे, तर मग कंपनीचे काम काय? १९४८ च्या कारखाने अधिनियमाने प्रत्येक कामगारामागे १४.२ घनमीटर जागा ठरवून दिली होती. दहा फूट उंचीच्या खोलीत हे माप साधारण ५० चौरस फूट भरते. प्रकाश, वायुवीजन आणि बसण्याची सोय यांचीही जबाबदारी मालकावर होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत हा कायदा आणि इतर १२ कायदे सामावले गेले. २०१७ च्या मातृत्व लाभ दुरुस्तीत घरून काम करण्याची तरतूद आहे, सेवाक्षेत्रासाठीच्या आदर्श स्थायी आदेशांच्या मसुद्यातही तिचा उल्लेख झाला. पण या तरतुदी परवानगीपुरत्या आहेत. घरातली खुर्ची, वीज आणि इंटरनेट यांचा खर्च कोणी द्यायचा, वायरीत पाय अडकून कोणी पडले तर तो कामावरचा अपघात ठरेल का, याचे उत्तर त्यांत मिळत नाही.

इतर देशांत यावर काही ठोस निर्णय झाले आहेत. पोर्तुगालमध्ये जानेवारी २०२२ पासून घरून कामाचा वाढीव खर्च मालकाने द्यावा, असा कायदा आहे. स्पेनने त्याआधीच, २०२० मध्ये, साधने आणि खर्चाची जबाबदारी कंपनीवर टाकली. जर्मनीत एक कर्मचारी सकाळी शयनगृहातून घरातल्याच कार्यालयाकडे जाताना गोल जिन्यावरून घसरला आणि त्याचा मणका मोडला. तो कामावर जातानाचा अपघात आहे, असा निकाल तेथील संघीय सामाजिक न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये दिला. भारतात कामाच्या वेळेनंतर फोन-मेलपासून मोकळीक देणारे खासगी विधेयक बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये लोकसभेत मांडले होते, २०२५ च्या डिसेंबरमध्ये ते पुन्हा मांडले गेले. त्याचा कायदा झालेला नाही.

कायदा होईपर्यंत कंपन्यांना थांबण्याचे कारण नाही. कर्मचारी घरी बसला की कंपनीची जागा, वीज आणि चहापाण्याचा खर्च वाचतो. त्यातून प्रत्येकाला एक खुर्ची, वेगळा कळफलक आणि माऊस देणे हा मोठा बोजा ठरणार नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने फेब्रुवारी २०२२ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनातही योग्य साधने पुरवणे हे मालकाचेच काम मानले आहे. ज्यांच्या घरी स्वतंत्र जागा नाही, त्यांना कार्यालयात बसण्याची मुभा हवी. सीट्रिपमध्ये प्रयोगानंतर निवडीची संधी दिली, तेव्हा निम्म्याहून अधिक कर्मचाऱ्यांनी आपली जागा बदलली. घरचा एकटेपणा नकोसा होऊन परतलेलेही त्यांत होते.

पुढच्या पावसाळ्यात रेड अलर्ट येईल आणि पुन्हा घरूनच काम करण्याचा संदेश फिरेल. तो पाठवण्यापूर्वी कंपनीने कर्मचाऱ्यांना तीन गोष्टी विचारायला हरकत नाही : बसता कोठे, कशावर आणि उठता किती वाजता?