दिवाळं निघाल्यावर किराणा कोणत्या खात्यातून?

पूर्वी पेढी बुडाली की सावकार भर दिवसा दुकानात दिवा लावून बसायचा आणि त्यावरून ‘दिवाळं’ हा शब्द आला, असं सांगतात. व्युत्पत्ती खरी असो नसो, पद्धत मला आवडते. दिवा लागला, गावाला कळलं, लपवाछपवी संपली. आता पाचोऱ्यात माणूस बुडाला की सगळ्यात आधी कळतं ते त्याच्या मोबाईलला. हप्ता गेला नाही, इतका इतका दंड कापला... मग तो फोन उलटा करून ठेवतो.

समजा, स्टेशन रोडला कापडाचं दुकान आहे. कापसाला भाव नाही, शेतकऱ्याच्या हातात पैसा नाही, म्हणजे लग्नसराईचा बस्ता उधारीवर. (आपल्याकडे सोनार काय नि कापडवाला काय, सगळे शेवटी कापूसच विकतात!) दुकानाचं सी.सी. खातं ज्या बँकेत, तिथंच घरचं बचत खातं. त्याच खात्याला मोबाईलचं पेमेंट जोडलेलं. लाईट बिल, पोराची फी, दूधवाला, सगळं त्यातून. सी.सी. थकलं की बँक बचत खात्यातली शिल्लक कर्जाकडे वळवू शकते. १८७२ च्या करार कायद्याच्या कलम १७१ चा आधार बँका त्यासाठी घेतात. बँकेला दोष देण्यात अर्थ नाही, तिचे पैसे अडकलेत. पण इकडे दूधवाल्यासमोर मोबाईल धरलाय आणि पेमेंट जात नाही, हा प्रसंग माणसाला कर्जापेक्षा जास्त मोडतो.

म्हणून माझं म्हणणं असं, की बुडायची चाहूल लागली की आधी चूल वेगळी करा. भाऊ-भाऊ करतात तशी, खात्यांची. ज्या बँकेचं आपल्यावर एक रुपयाचंही देणं नाही, तिथं किमान शिलकीची अट नसलेलं साधं बचत खातं उघडायचं. रोजची कमाई, बायकोच्या शिवणकामाचे पैसे नव्हे, आपली कमाई, तिथं आणायची आणि घरखर्च तिथूनच करायचा. हे खातं लपवायचं नाही. पुढे कोर्टात अर्ज केला तर त्यात ते दाखवायचंच. आणि एक, हे खातं पतसंस्थेत नको. जळगावच्या बीएचआरवर २०१५ मध्ये अवसायक आला, त्यानंतर ठेवीदारांचं काय झालं ते खान्देशात घराघरात माहीत आहे. ठेव विम्याचं ५ लाखांचं संरक्षण बँकांतल्या ठेवींना आहे, पतसंस्थांना नाही.

दुसरं, चेक. ‘शेठ, चेक ठेवून घ्या, मी सांगेन तेव्हा टाका’ हे आपल्या बाजारपेठेतलं आवडतं वाक्य. बुडत्या माणसानं ते तोंडातून काढू नये. साधी उधारी थकली तर दिवाणी दावा होतो. चेक परत गेला, नोटीस आली आणि नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत पैसे दिले नाहीत, तर कलम १३८ खाली २ वर्षांपर्यंत कैद किंवा रकमेच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. खात्यातून आपोआप जाणाऱ्या हप्त्यांनाही आता तसाच कायदा आहे. रिकाम्या खात्यावर दरमहा हप्ता आपटत ठेवला की बँक दंड लावते आणि कर्ज देणाराही लावतो. त्यापेक्षा दोघांना लेखी कळवावं, पोच घ्यावी. लोक हे करत नाहीत, कारण लेखी दिलं म्हणजे कबूल केलं असं वाटतं.

आणि तिसरं, जे सगळ्यांना कडू लागेल. आपल्याकडे बुडणारा माणूस शेवटचे पैसे मेहुण्याला देतो. ‘बँकेचं बघू, पाहुण्यात तोंड दाखवायचंय.’ भावना मला समजते. पण १९२० च्या प्रांतिक नादारी कायद्यानं, अर्जाच्या आधीच्या ३ महिन्यांत एकाच देणेकऱ्याला झुकतं माप म्हणून दिलेले पैसे परत मागवता येतात. मोबदल्याशिवाय बायकोच्या नावावर केलेलं काही २ वर्षांपर्यंत उलटवता येतं. म्हणजे अब्रू राखायला जातो आणि मेहुण्यालाही कोर्टात ओढतो.

हो, १९२०! मुंबईबाहेरच्या साध्या दुकानदाराला आजही हाच कायदा. २०१६ ची नवी संहिता आली, पण तिचा व्यक्तींबद्दलचा भाग २०१९ पासून फक्त कंपन्यांच्या कर्जाला जामीन राहिलेल्यांना लागू झाला. बाकीच्यांना इंग्रजांचा कायदा आणि त्यातले इंग्रजांच्या काळचे आकडे. ५०० रुपये देणं असलं की नादारीचा अर्ज करता येतो. नादार ठरलेल्यानं मोकळीक मिळेपर्यंत तसं न सांगता ५० रुपयांची उधारी घेतली तर ६ महिन्यांपर्यंत कैद. ५० रुपयांत आज किलोभर साखर येते. महिन्याच्या वहीवर किराणा भरणारं अर्धं गाव या हिशेबात सापडेल.

जप्तीतून काय वाचतं? अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण, कारागिराची हत्यारं, शेतकऱ्याचं राहतं घर. दुकानदाराच्या घराला ती सवलत नाही. पगारदाराचे पहिले १००० रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश वाचतात. भांडी वाचवली, पण त्या भांड्यात शिजवायचं धान्य ज्या खात्यातून येतं त्याचा विचार १९०८ च्या दिवाणी संहितेत कुठून असणार?

जर्मनीत २०१० पासून कुणालाही आपलं चालू खातं जप्तीपासून संरक्षित करून घेता येतं. दरमहा ठरावीक रक्कम, सध्या दीड हजार युरोंच्या आसपास, त्यात राहते. त्याला कुणी हात लावत नाही, त्यावरचं देणेकऱ्यांचं. कर्ज बुडवायला ही मुभा नाही, देणी तशीच राहतात. फक्त माणूस भाजी घेऊ शकतो, भाडं देऊ शकतो, कामावर जाऊ शकतो. आपल्याकडे अतिवृष्टीच्या मदतीतून कर्जवसुली करू नका असं सरकार आदेशात बँकांना बजावतं, म्हणजे तत्त्व आपल्यालाही मान्य आहे. ते शेतकऱ्याच्या मदतीपुरतं का? खात्यातली एक छोटी रक्कम प्रत्येकासाठी कायद्यानंच सोडायला हवी. ती किती असावी यावर वाद घालू, पण ५० रुपये नक्कीच नको.

तोवर ज्याच्यावर वेळ आलीय त्यानं सगळ्या खात्यांचे वर्षभराचे उतारे काढून फायलीत लावावेत, घरखर्चाची साधी वही घालावी, आणि वकिलाकडे जळगावला जाताना ती सोबत न्यावी.