‘आराम करा’ हा सल्ला

माझे खालू मालेगावात तीस वर्षं लूमवर उभे राहिले. नाकात सुताची धूळ आणि वर बिडी. सीओपीडीचं निदान झालं तेव्हा डॉक्टरांनी इनहेलर लिहून दिला आणि म्हणाले, आराम करा. हा सल्ला आम्ही घरच्यांनी इमानेइतबारे पाळला. जेवण पलंगावर, पाणी पलंगावर, वझूसाठी तस्तही पलंगाशीच. ते जरा उठले की कुणीतरी ओरडायचं, "खालू, बसा ना!" वर्षभरात त्यांना मोरीपर्यंत जाणं जमेना. आजार वाढला असं आम्ही धरून चाललो. वाढलाही असेल, पण त्यात आमच्या खिदमतीचा वाटा मोठा होता.

हे समजावलं मुंबईतल्या एका फिजिओथेरपिस्ट बाईंनी. दम लागतो म्हणून माणूस चालत नाही, चालत नाही म्हणून पायांचे स्नायू सुकतात, आणि सुकलेले स्नायू लवकर थकतात; मग आणखी दम. पल्मनरी रिहॅबिलिटेशन हे चक्र तोडतं. फुप्फुस मात्र दुरुस्त होत नाही, हेही त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. आधी सहा मिनिटांत किती मीटर चालता येतं ते मोजलं. मग आठ आठवडे, आठवड्यातून तीनदा चालणं, खुर्चीतून उठबस, हलकी वजनं, ओठ आवळून फुंकर घातल्यासारखा सावकाश श्वास सोडणं. इनहेलर कसा ओढायचा तेही शिकवलं. (दोन वर्षं आम्ही चुकीचा ओढत होतो. मी शिक्षक, आणि सोबतचा कागद कधी वाचला नव्हता.) खालूंनी सजद्याचं विचारलं. बाई म्हणाल्या, वाकताना श्वास सोडा, धरून ठेवू नका.

हे काही नवं खूळ नाही. 2015 मध्ये कॉक्रेनने सीओपीडीवरच्या 65 चाचण्या एकत्र तपासल्या. दम कमी होतो, चालणं वाढतं, हे त्यांत स्पष्ट दिसलं. फुप्फुसं आक्रसत जाणाऱ्या रोगांत गरजेप्रमाणे ऑक्सिजन लावून हाच व्यायाम करून घेतात. प्रत्यारोपणाच्या रांगेतल्या रुग्णाला शस्त्रक्रिया झेपावी म्हणून आधी, आणि स्टेरॉइड व लांबलेल्या मुक्कामाने स्नायू गळतात म्हणून नंतरही. नवं फुप्फुस मिळालं तरी पाय जुनेच असतात.

आपल्या जमातींनी कोरोनात ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर घेतले, फार चांगलं केलं. आज त्यांतले काही मशिदीच्या खोलीत धूळ खात आहेत. मशीन द्यायला पैसे निघतात, ते लावून चालायला शिकवणाऱ्या माणसाला निघत नाहीत. जकातीत गरजूला मालक करावं लागतं ना? मग फी आणि रिक्षाभाडं त्याच्याच हातात द्या. शादीखाना आठवड्यातले बरेच दिवस रिकामा असतो. तीस मीटर सरळ चालायला आणखी काय लागतं? अर्थात कुणाला किती चालवायचं हे तज्ज्ञानेच ठरवावं.

रमजानच्या आधीच्या बैठकीत मी हे मांडणार आहे. सदरसाहेब काय म्हणतील ते आत्ताच ऐकू येतंय : "मास्तर, चालायला कसले पैसे?" त्या दिवशी खालूंना सोबत नेणार आहे. ते आता अस्रला मशिदीपर्यंत पायी येतात, वाटेत दोनदा थांबून.