मिलिंद म्हणजे फक्त भुंगा?

गेल्या महिन्यात नात्यातल्या एका घरी बाळाच्या नामकरणाला गेलो होतो. त्रिशरण-पंचशील झाले, मग नावाची चर्चा निघाली. आजोबा म्हणाले, "मिलिंद ठेवा." बाळाच्या वडिलांनी मोबाईल काढला, नावांच्या अ‍ॅपवर शोधले आणि हसून म्हणाले, "बाबा, मिलिंद म्हणजे भुंगा! आणि किती जुनं वाटतं ते." शेवटी नाव ठरले रुद्रांश. बावीस प्रतिज्ञांमधली पहिलीच प्रतिज्ञा ब्रह्मा, विष्णू, महेश यांना देव न मानण्याची. ती देणाऱ्या बाबासाहेबांच्या फोटोसमोर आपण पोराला रुद्राचा अंश करून मोकळे झालो! आजोबा गप्प बसले. मला मात्र गप्प बसवत नाही.

मित्रांनो, अ‍ॅप खोटे बोलले नाही. संस्कृतमध्ये मिलिंद म्हणजे भुंगा, हे खरे आहे. पण तुमच्या-आमच्या वस्तीत हे नाव भुंग्याच्या पाठीवर बसून आलेले नाही. मिलिंद म्हणजे इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातला ग्रीक राजा मिनँडर. पालीमध्ये त्याचा मिलिंद झाला. वर्णव्यवस्थेच्या लेखी हा यवन, म्हणजे म्लेंच्छ. त्याच माणसाला बौद्ध परंपरेने एका अख्ख्या ग्रंथाच्या शीर्षकात बसवले, तो ग्रंथ म्हणजे 'मिलिंदपञ्ह'.

हा राजा वादविवादात भल्याभल्यांना गप्प करायचा. मग त्याची गाठ भदंत नागसेनांशी पडली. चर्चेला बसण्यापूर्वी नागसेनांनी अट घातली : पंडितासारखी चर्चा करणार असाल तर बसतो, राजासारखी करणार असाल तर नाही. कारण पंडित हरला तरी रागावत नाही आणि राजा मात्र विरोधात बोलणाऱ्याला शिक्षा करतो. मिलिंदाने अट मान्य केली. हाती सत्ता असताना ती बाजूला ठेवून प्रश्न विचारणारा आणि उत्तर पटले की ते उघडपणे कबूल करणारा माणूस, हा या नावाचा अर्थ आहे. आजच्या कोणत्या सत्ताधाऱ्याला ही अट झेपेल, ते तुम्हीच सांगा.

बाबासाहेबांनी हे नाव उगाच निवडले नाही. 1946 साली पीपल्स एज्युकेशन सोसायटीने मुंबईत महाविद्यालय काढले, त्याचे नाव सिद्धार्थ. 1950 साली औरंगाबादेत महाविद्यालय सुरू झाले, त्याला पुढे मिलिंद हे नाव मिळाले आणि परिसर झाला नागसेनवन. प्रश्न विचारणारा आणि उत्तर देणारा, दोघेही एकाच आवारात! मराठवाड्यातल्या खेड्यापाड्यांतून भाकरी बांधून आलेली पोरे तिथे शिकली आणि त्यांनी आपल्या मुलांची नावे मिलिंद, नागसेन, राहुल, सिद्धार्थ अशी ठेवली.

त्याआधी आपली नावे काय होती? मनुस्मृतीने ब्राह्मणाचे नाव मंगल, क्षत्रियाचे बलवान, वैश्याचे धनसूचक आणि शूद्राचे तिरस्कार वाटेल असे असावे, असा नियमच घातला. अस्पृश्यांचा तर त्यात विचारच नाही. काही जण म्हणतील, मूल जगावे म्हणून दगडू, धोंडू ही नावे सगळ्याच जातींत ठेवत. मान्य. पण त्यांचा दगडू मोठा झाला की दगडूशेठ, दगडूतात्या व्हायचा. आपला दगडू म्हातारा झाला तरी गावाला दगड्याच! फरक नावात नव्हता, हाक मारणाऱ्याच्या जिभेत होता. म्हणून 14 ऑक्टोबर 1956 नंतर घराघरांत बदललेली नावे ही फॅशन नव्हती, ते बंड होते. विद्यापीठाच्या नावासाठी 1978 ते 1994 अशी सोळा वर्षे झुंजणारा, घरे जळताना पाहिलेला हा समाज आहे. "नावात काय आहे" हे त्याला कुणी शिकवू नये.

मिलिंद हे नाव महाराष्ट्रात सर्व जातींत चालले. कुणी भुंगा म्हणून ठेवले, कुणी राजा म्हणून. त्याबद्दल तक्रार नाही, नावावर कुणाची मालकी नसते. पण अनुभव असा की नुसते "मिलिंद" सांगितले की समोरचा थांबतो आणि विचारतो, "पुढे?" भाड्याची खोली बघायला गेलेल्या आपल्या पोरांना हा "पुढे?" चांगला पाठ आहे. नावाने जात कळली नाही की आडनावात शोधतात. या लोकांना कळू नये म्हणून आपण रुद्रांश, शिवांश ठेवणार असू, तर तो बदल नव्हे, लपणे आहे. आणि लपूनही आडनाव विचारले जाणारच आहे.

पोराचे नाव काय ठेवावे हा आईवडिलांचा हक्क, तो मी हिरावत नाही. पण नुसते मिलिंद नाव ठेवूनही भागत नाही. त्या ग्रंथात राजाचा पहिला प्रश्नच नावाबद्दल आहे : भदंत, आपले नाव काय? नागसेन सांगतात, लोक मला नागसेन म्हणतात, पण ती केवळ ओळखण्याची खूण आहे. चाक, आस, दांडी सुटी केली तर रथ कुठे उरतो? तसेच आपलेही. वाचन काढले, प्रश्न काढले, संघटन काढले, तर नुसत्या 'मिलिंद' या अक्षरांत काय उरते? मग खरेच भुंगा उरतो, गुणगुणणारा.

घरात मिलिंद असेल तर त्याला त्याच्या राजाची गोष्ट सांगा. नसेल तर जो कुणी आहे त्याला प्रश्न विचारायला शिकवा. आणि त्याने पहिला प्रश्न तुम्हालाच विचारला, की "बाबा, माझं नाव असं का ठेवलं?", तर मोबाईल न काढता उत्तर देता आले पाहिजे.

जय भीम! नमो बुद्धाय!