ठाणे वारसाअभावी गेले नाही

थोरले माधवराव पेशवे 18 नोव्हेंबर 1772 रोजी थेऊरला निपुत्रिक वारले आणि त्याची किंमत ठाण्याने मोजली, असा सिद्धान्त आपल्या ठाणे-कल्याण पट्ट्यात हल्ली मोठ्या आत्मविश्वासाने मांडला जातो. पोटी मुलगा नाही म्हणून गादी धाकटा भाऊ नारायणराव याच्याकडे गेली, 30 ऑगस्ट 1773 ला शनिवारवाड्यात त्याचा खून झाला, चुलते राघोबादादा इंग्रजांच्या आश्रयाला गेले, त्यांनी सुरतेच्या तहात साष्टी बेट लिहून दिले आणि ठाणे गेले. संपला इतिहास. यातल्या बहुतेक घटना खऱ्या आहेत, म्हणून ऐकणाऱ्याला हे पटते. पण त्यांना जोडणारा कार्यकारणभाव खोटा आहे, आणि शेवटच्या दोन घटनांचा तर क्रमच उलटा लावला आहे.

आधी तो क्रमच पाहू. सुरतेचा तह 6 मार्च 1775 चा. ठाण्याचा किल्ला इंग्रजांनी घेतला तो डिसेंबर 1774 च्या अखेरीस, म्हणजे दोन महिन्यांहून अधिक आधी. राघोबांशी बोलणी चालू होती हे खरे, परंतु साष्टी आणि वसई देण्याची त्यांची तयारी नव्हती आणि बोलणी त्यावरच अडली होती. तेवढ्यात पोर्तुगीज आपला गेलेला मुलूख परत घ्यायला आरमार आणत असल्याची बातमी मुंबईला पोहोचली. 1737 पर्यंत साष्टी त्यांचीच होती. ती पुन्हा त्यांच्या हाती पडण्याआधी आपण घ्यावी, या हिशेबाने मुंबईकर इंग्रजांनी ठाण्यावर तोफा डागल्या. किल्ल्यातल्या शिबंदीने पहिला हल्ला परतवला, इंग्रजांच्या आरमाराचा प्रमुख वॉटसन या वेढ्यात प्राणांतिक जखमी झाला, आणि किल्ला पडल्यावर शिबंदीची भयंकर कत्तल झाली. राघोबांनी पुढे तहात लिहून दिले ते आधीच हिसकावले गेलेले होते. शिवाय ही हाव 1774 सालची नव्हे. साष्टी-वसई पदरात पाडून घेण्याचे काम अंगावर घेऊन मॉस्टिन हा इंग्रज वकील पुण्यात आला तो ऑक्टोबर 1772 मध्ये. तेव्हा माधवराव आजारी असले तरी हयात होते. ज्या मागणीचा जन्म पेशव्याच्या मृत्यूआधीचा, तिला त्याच्या निपुत्रिकपणाचे अपत्य कसे म्हणायचे? ज्या किल्ल्यात आज ठाण्याचे मध्यवर्ती कारागृह आहे, तिथे झुंजून मेलेल्यांना पुण्यातल्या एका घरगुती उणिवेची तळटीप करून टाकणे मला अन्यायाचे वाटते.

माधवरावांना मुलगा असता तर चुलता गप्प बसला असता, हे गृहीतकही टिकत नाही. माधवराव स्वतः नानासाहेब पेशव्यांचे पुत्र होते, 1761 मध्ये सोळाव्या वर्षी त्यांना पेशवाईची वस्त्रे मिळाली, वारस म्हणून त्यांच्यावर बोट ठेवायला जागा नव्हती. तरीही पुढच्याच वर्षी राघोबा आळेगावला पुतण्याविरुद्ध लढले, आणि 1768 मध्ये धोडपला पराभव होऊन शनिवारवाड्यात नजरकैदेत पडेपर्यंत त्यांचा हट्ट संपला नाही. नारायणरावांचे नाव वारस म्हणून माधवरावांनी जिवंतपणीच ठरवले होते, म्हणजे गादी बेवारसही नव्हती. एकाच कारणावर सगळे भागवण्याची ही सवय जुनी आहे. पूर्वी पेशवाई पानिपतावर बुडाली असे सांगत, मग नारायणरावांच्या खुनात बुडाली असे सांगू लागले, आता मुलाच्या अभावी. या शेवटच्या कारणात माधवरावांच्या पत्नी रमाबाईंसारख्या सती गेलेल्या स्त्रीवर न बोलता दोष येतो, तो मला विशेष खटकतो. शाहू महाराजही 1749 मध्ये पुत्राविना गेले. त्यांचा दत्तक वारस रामराजा याच्यावरून ताराबाई आणि पेशवे यांच्यात केवढी तेढ झाली, तरी 1758 मध्ये मराठी फौजा अटकेपर्यंत गेल्याच. सवाई माधवराव 1795 मध्ये निपुत्रिक गेले हा दाखला कोणी काढील, पण पेशव्यांनी इंग्रजांशी वसईचा तह केला तो सात वर्षांनी, होळकरांनी हडपसरला त्यांचा पराभव केल्यावर.

मग ठाणे का गेले? माझे म्हणणे असे की पेशवाई हे छत्रपतींनी दिलेले पद असताना पेशव्यांच्या भट घराण्यात ती वाटणीची मिळकत समजली गेली. राघोबांनी अर्धे राज्य मागितले होते, ते याच समजुतीने. भाऊबंदकीतल्या दावेदाराला बाहेरची फौज विकत घेता येऊ लागली आणि पुण्याचे कारभारी त्याचा पाठलाग करण्यात गुंतले असताना मुंबईला लागून असलेले साष्टी बेट पुरेशा कुमकेविना राहिले. मुलगा असणे वा नसणे याने यात फरक पडत नव्हता. ठाणे पडले तेव्हा वारस होताच: नारायणरावांच्या पश्चात 18 एप्रिल 1774 ला पुरंदरावर जन्मलेले सवाई माधवराव, ज्यांना अवघ्या चाळीस दिवसांचे असताना वस्त्रे मिळाली. 17 मे 1782 ला सालबाईचा तह झाला त्या वेळी ते आठ वर्षांचे होते आणि राघोबांचा दावा इंग्रजांनी सोडून दिला होता. त्या तहाने 1780 मध्ये गेलेले कल्याण आणि वसई परत आली. साष्टी मात्र इंग्रजांनी स्वतःकडेच ठेवली.