एकच वार, दोन अहवाल

वाकोला, कलिना, सांताक्रूझ पूर्व या पट्ट्यातली बाळंतपणं महापालिकेच्या वि. न. देसाई रुग्णालयात होतात, तशीच गल्लीबोळांतल्या लहान नर्सिंग होममध्येही होतात. बहुतेक वारा पिवळ्या पिशवीतून निघून जातात. मुदतीआधीची प्रसूती, बाळाची खुंटलेली वाढ, मृतजन्म असं काही असलं, तरच एखादी आपल्या ग्रॉसिंगच्या टेबलावर येते. सोबतच्या फॉर्मवर बरेचदा नाव, वय आणि ‘प्लासेंटा फॉर एचपीई’, बस्स. अशा वारेवर दोघांनी दोन मतं दिली, की प्रसूतितज्ज्ञ म्हणतात, ‘तुमच्यातच एकमत नाही, तर आम्ही काय वाचायचं?’

तक्रार खोटी नाही, पण सगळ्याच निदानांना ती सारखी लागू होत नाही. मोठा इन्फार्क्ट किंवा पडद्यांमधला तीव्र दाह यांबाबत आपण एकमेकांपासून फारसे दूर नसतो. रेमंड रेडलाइन आणि सहकाऱ्यांनी २००३-०४ च्या सुमारास दाहाचे आणि रक्तपुरवठ्याच्या बिघाडाचे निकष आखले आणि त्या निकषांवर पॅथॉलॉजिस्टांचं एकमत किती होतं तेही मोजलं. २०१४ मध्ये अॅमस्टरडॅमला जमलेल्या तज्ज्ञांनी परिभाषा एकसारखी केली. ते निवेदन २०१६ मध्ये छापून आलं. घोडं अडतं ते विलायच्या परिपक्वतेपाशी. ‘डिलेड व्हिलस मॅच्युरेशन’ म्हणायचं, तर मध्यभागी केशवाहिन्या असलेले एकसुरी विलाय पूर्ण जाडीच्या एका स्लाइडचा किमान ३० टक्के भाग व्यापून असायला हवेत. हे ३० टक्के मोजतं कोण? नजरेचा अंदाज एकाचा पंचवीस, दुसऱ्याचा पस्तीस, आणि अहवाल दोन टोकांना.

त्यात एकमत मोजणाऱ्या ‘कपा’च्या आकड्याने आपण विनाकारण घाबरतो. समजा, शंभर वारा दोघांनी पाहिल्या. एक दुर्मीळ विकृती दोघांनाही फक्त दोन वारांत दिसली, प्रत्येकाला एकट्याला आणखी तीनांत दिसली, आणि उरलेल्या ९२ दोघांनीही निर्दोष ठरवल्या. शंभरातल्या ९४ वारांवर एकमत, तरी कपा ०.३७ च्या आसपास, म्हणजे लँडिस-कॉखच्या १९७७ च्या मोजपट्टीवर जेमतेम. विकृती विरळ असली की नुसत्या योगायोगानेही ‘नाही, नाही’ असं जुळत राहतं, आणि कपा तेवढं वजा करतो. म्हणून कुठलाही शोधनिबंध वाचताना कपाशेजारी त्या विकृतीचं प्रमाण किती आहे ते आधी पाहावं. उलट बाजूही आहे. दोघांनी एकाच चुकीवर एकमत केलं, तर कपा उत्तमच येणार.

पण माझ्या मते निम्मा मतभेद मायक्रोस्कोपपर्यंत पोचण्याआधीच ठरलेला असतो. गर्भाचे आठवडे माहीत नसतील, तर विलाय वयाच्या मानाने लवकर पिकले की उशिरा, हे सांगणार कसं? पाळीची तारीख अंदाजे, पहिली सोनोग्राफी सातव्या महिन्यात, आणि तो कागदही आपल्यापर्यंत येत नाही. एकाने दोन ब्लॉक घेतले, दुसऱ्याने चार. मग दोघांनी एकच वार पाहिली असं म्हणण्यात अर्थ नाही. अॅमस्टरडॅमची किमान अपेक्षा चार ब्लॉकची आहे: एकात पडद्याची गुंडाळी आणि नाळेचे छेद, बाकी तिनांत वारेचे पूर्ण जाडीचे तुकडे, डोळ्यांना दिसणारी विकृती त्यावर वेगळी. लहान बरणीत कोंबून आलेल्या वारेचा आकार आणि वजन यांवर कुणी काही लिहूच नये. ती ताजी, फ्रीजमध्ये (फ्रीझरमध्ये नव्हे) ठेवून पाठवली तर चालते, हे नर्सिंग होमच्या सिस्टरना एकदा फोन करून सांगितलं तरी पुष्कळ.

वजनाचा मुद्दा तर खास आपला आहे. नाळ आणि पडदे छाटून वजन करायचं, हे सगळ्यांना पाठ असतं. ते ताडायचं मात्र कशाशी? हाताशी असतो तो १९९६ चा पिनार यांचा तक्ता, अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंडच्या वारांवरून केलेला. पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या अभ्यासात मुदतीच्या बाळांचं सरासरी वजन २.७ किलोच्या आसपास होतं. डॉ. किनरे आणि सहकाऱ्यांनी त्याच खेड्यांतल्या मातांच्या वारेचं आकारमान गरोदरपणाच्या मध्यावर सोनोग्राफीने मोजलं, तेव्हा आईचं गरोदरपणाआधीचं वजन आणि वारेचं आकारमान यांचा संबंध दिसला (२०००). अशा कमी वजनाच्या मातेची वार तक्ता धरून बसणारा ‘स्मॉल’ लिहील आणि अनुभवाने चालणारा ‘नॉर्मल’. इथे दोघांच्याही नजरेत खोट नाही. खोट आपल्या तक्त्यात आहे, आणि मुंबईच्या वारांचा तक्ता मुंबईतच व्हायला हवा. बाळंतपणांची तर इथे वाण नाही.

प्रत्येक मतभेद सारख्याच वजनाचा नसतो, हेही धरून चालू. क्रॉनिक हिस्टिओसायटिक इंटरव्हिलोसायटिस किंवा पेरिव्हिलस फायब्रिनचा मोठा साठा पुढच्या गरोदरपणात पुन्हा होऊ शकतो. तिथे दुसऱ्याला स्लाइड दाखवल्याशिवाय सही करू नये. परिपक्वतेच्या काठावरच्या निदानात मात्र ‘सुचवते’ आणि ‘आहे’ यांतला फरक अहवालात स्पष्ट दिसू द्यावा. गर्भाचे आठवडे कळवले नसतील, तर तसं पहिल्याच ओळीत लिहावं.

वाकोला ते मुलुंड अशा छोट्या लॅबनी मिळून एक फेरी सुरू करावी, अशी सूचना आहे. नावं झाकलेल्या दहा वारांच्या स्लाइड, गर्भाचे आठवडे आणि छाटलेलं वजन सोबत, आणि प्रत्येकाने आपलं मत लेखी पाठवल्यानंतरच चर्चा. ज्येष्ठांचं मत आधी ऐकलं, की उरलेल्यांचं एकमत फुकट जमतं. म्हणून लिफाफे उघडताना सर्वांत कनिष्ठ सहकाऱ्याचा पहिला.