छत मालकाचं, बिल भाडेकरूचं: शिरूर-दौंडमध्ये सोलरचं गरम पाणी नेमकं कुठे अडलंय?

पहाटेचे पाच वाजलेत. कारेगावात, रांजणगाव एमआयडीसीच्या जवळच, आठ-दहा खोल्यांची एक चाळ. प्रत्येक दारासमोर प्लास्टिकची बादली, बादलीवर आडवी काठी आणि काठीला लटकवलेला पाणी तापवायचा रॉड. पहिल्या पाळीची बस थोड्या वेळात येणार, त्यामुळे सगळे रॉड एकाच वेळी चालू. आतून कुणीतरी ओरडतं, ‘‘बटण चालूय, हात घालू नको!’’

हेच चित्र शिक्रापूर-सणसवाडीत दिसतं, दौंड तालुक्यात कुरकुंभलाही दिसतं. या खोल्यांच्या डोक्यावर स्लॅब आहे आणि त्या स्लॅबवर पावसाळ्याचे ढगाळ दिवस सोडले तर वर्षभर ऊन आहे. पुणे जिल्ह्याच्या या पूर्व पट्ट्यात एका चौरस मीटरवर दिवसाला सरासरी ५ युनिटच्या आसपास सौरऊर्जा पडते. तरी खाली रॉड चालू.

‘सोलर महाग पडतो’ हे त्यावरचं नेहमीचं उत्तर. मला ते पटत नाही. आपल्याकडे सोलरचं गरम पाणी दोन गोष्टींपाशी अडतं. एक, बोअरचं पाणी. दुसरी, छत कुणाचं आणि बिल कुणाचं. किमतीचा नंबर त्यानंतर लागतो.

एका बादलीला किती वीज लागते?

२० अंशांचं २० लिटर पाणी ४२ अंशांपर्यंत तापवायला साधारण अर्धा युनिट वीज लागते. दीड हजार वॉटच्या रॉडला त्यासाठी वीसेक मिनिटं. घरात पाच माणसं असतील तर दिवसाला अडीच युनिट, महिन्याला ७५.

७५ हा आकडा ऐकायला किरकोळ वाटतो, पण महावितरणचं बिल टप्प्यांचं असतं. पहिल्या १०० युनिटचा दर एक आणि १०१ ते ३०० चा जवळपास दुप्पट. पंखे, टीव्ही, फ्रिज मिळून ९० युनिट वापरणारं घर आंघोळीच्या पाण्यामुळे १६५ वर जातं आणि वरचे ६५ युनिट महागड्या टप्प्यात मोजले जातात. थंडीच्या महिन्यांत बिल अचानक का फुगतं, याचं उत्तर बहुतेक घरांत एवढंच असतं.

इथे एक गैरसमज काढायला हवा. ‘रॉड वीज खातो, फाइव्ह स्टार गिझर घेतला की बचत होते’ असं दुकानात सांगितलं जातं. रॉडमध्ये गेलेली जवळजवळ सगळी वीज पाण्यातच उतरते, त्यामुळे कार्यक्षमतेच्या हिशेबात रॉडला नावं ठेवता येत नाहीत. शॉकच्या दृष्टीने तो धोकादायक आहे, हा मुद्दा वेगळा. गिझरवरचे स्टार हे टाकीत साठवलेलं पाणी किती हळू गार होतं, याचे असतात. बादलीभर पाणी तापवायला लागणारा अर्धा युनिट एक स्टारला लागतो तसाच पाच स्टारलाही. तो वाचवायचा तर उष्णता दुसरीकडून आणावी लागते: उन्हातून, नाहीतर हीट पंपाने हवेतून.

(गॅस गिझर वापरत असाल तर तो बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेत बसवा. बंद जागेत साचणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.)

मग आमच्या घरचा सोलर भंगारात का गेला?

मी मेकॅनिकल इंजिनीअर. पदवी मिळायच्या आधीच घरात एक धडा मिळाला होता. वडिलांनी हौसेने छतावर सोलर बसवला, काचेखाली तांब्याच्या नळ्या असलेला, म्हणजे फ्लॅट प्लेट प्रकारातला. पहिल्या वर्षी पाणी इतकं कढत यायचं की शेजारचे बघायला आले. दुसऱ्या वर्षी कोमट झालं. तिसऱ्या वर्षी विक्रेत्याने फोन उचलणं बंद केलं. शेवटी तो भंगारात देताना मी एक नळी कापून पाहिली. आत पांढरा, दगडासारखा थर होता आणि मधे पेन्सिल जेमतेम जाईल एवढं भोक. आई काही बोलली नाही. तिने माळ्यावरचा तांब्याचा बंब काढून चिंचेने घासायला घेतला.

बोअरच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात. पाणी तापलं की त्यातला काही भाग चुन्यासारखा खाली बसतो, आणि पाणी जितकं गरम तितका जास्त. पिण्याच्या पाण्यासाठीच्या भारतीय मानकात कठीणपणाची इष्ट मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे, आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेता येतं. म्हणजे पिण्यासाठी ‘चालेल’ असा शिक्का मिळालेलं पाणीसुद्धा तांब्याच्या अर्ध्या इंची नळीची वाट लावू शकतं.

म्हणून सोलर घ्यायच्या आधी किती लिटरचा घ्यावा याच्या अगोदर पाणी कसलं आहे ते विचारा. आरओवाले दाखवतात तो टीडीएसचा आकडा पुरेसा नाही, कठीणपणा वेगळा मोजावा लागतो. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत पाणी तपासून मिळतं. नळ पाणी योजनेचं पाणी आणि बोअरचं पाणी दोन्ही येत असेल, तर सोलरच्या टाकीला योजनेचं जोडा.

पाणी कठीण निघालं तर काचेच्या नळ्यांचा, म्हणजे ईटीसी प्रकार घ्यावा, असं माझं मत. क्षार त्यातही बसतात, पण नळी जाड असते, काढून साफ करता येते, फुटली तर एकटी बदलता येते. दगड आणि माकडं यांचा भरवसा नाही, तेवढं गृहीत धरा. आणखी एक गोष्ट विक्रेते क्वचितच सांगतात. मे महिन्यात पाणी गेलं, टाकी कोरडी पडली आणि दुपारी टँकर आल्या आल्या तुम्ही सोलर भरलात, तर उन्हात रिकाम्या तापलेल्या नळ्या गार पाणी लागताच तडकतात. कान्हूर मेसाईसारख्या उन्हाळ्यात टँकरची वाट बघणाऱ्या भागात हे ध्यानात ठेवा. भरायचं ते सूर्योदयाआधी किंवा चांगला अंधार पडल्यावर.

टाकीत मॅग्नेशियमचा अ‍ॅनोड रॉड असतो. तो स्वतः झिजतो आणि टाकीला गंज लागू देत नाही. तो मधूनमधून बदलायचा असतो, हे आमच्या घरी कुणाला माहीतच नव्हतं. देखभाल करणारी माणसं तालुक्यातच तयार झाली तर हा सगळा प्रश्न अर्धा सुटेल. शिरूर तालुक्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये सुरू केलेला विज्ञान आश्रम आहे, गावातल्या मुलांना हाताने काम करत तंत्रज्ञान शिकवणारा. पुण्याहून तंत्रज्ञ येण्याची वाट बघणाऱ्या तालुक्यात अशी जागा आहे, याचा आपण पुरेसा उपयोग करून घेत नाही.

पण सोलरला तर ७८ हजार अनुदान मिळतं ना?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो. अनुदान मिळतं, पण ते दुसऱ्या सोलरला. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेली पीएम सूर्यघर योजना वीज तयार करणाऱ्या पॅनेलसाठी आहे: १ किलोवॉटला ३० हजार, २ किलोवॉटला ६० हजार, ३ किलोवॉट किंवा जास्त असेल तर ७८ हजार. पाणी तापवणाऱ्या सोलरला त्यातला एक रुपयाही मिळत नाही. आपण दोघांनाही ‘सोलर’च म्हणतो, त्यामुळे गोंधळ होतो, आणि काही एजंट तो मुद्दाम होऊ देतात.

मग पॅनेलच घेऊन त्याच्या विजेवर गिझर चालवला तर? छत मोठं असेल आणि तुमचं बिल मुळातच तीनशे युनिटच्या पुढचं असेल, तर जरूर. त्याला हीट पंप जोडला तर आणखी चांगलं. हीट पंप म्हणजे उलटा फ्रिज, एका युनिटमध्ये साधारण तीन युनिटची उष्णता देतो, पण किंमत लाखाच्या आसपास जाते. छत कमी असेल तर मात्र हिशेब बदलतो. पॅनेल उन्हातला साधारण पाचवा हिस्सा वीज म्हणून देतं, पाणी तापवणारा सोलर निम्म्याच्या आसपास ऊन पाण्यात उतरवतो. नुसती आंघोळच भागवायची असेल तर साधा, जुना, वीस-पंचवीस हजारांचा शंभर लिटरचा सोलर अजूनही सरस आहे. तो नीट चालला तर चार-पाच वर्षांत पैसे वसूल होतात.

अट एकच, बॅकअपचं बटण कायम चालू ठेवायचं नाही. २०० लिटरची टाकी रात्रभरात विजेवर तापली तर ९ युनिट गेले, आणि सकाळी ऊन आलं तेव्हा तापवायला काही उरलंच नाही.

ज्यांचं छतच नाही त्यांचं काय?

हे सगळं स्वतःचं घर असलेल्यांसाठी झालं. कारेगावच्या त्या चाळीतल्या मुलाला यातलं काहीच करता येत नाही. छत मालकाचं. मीटर बहुतेक वेळा मालकाच्या नावावर, खोलीला सबमीटर, आणि दर मालक ठरवील तो. सोलर बसवण्याचा खर्च मालकाने करायचा आणि बचत भाडेकरूची. मालक कशाला बसवील?

पण आकडे मांडून बघा. दहा खोल्या, पंचवीस माणसं. माणशी अर्धा युनिट म्हणजे दिवसाला साडेबारा, महिन्याला ३७५ युनिट. सबमीटरचा दर १० रुपये धरला तर प्रत्येकाचे महिन्याला दीडशे रुपये पाण्यात जातात. आता छतावर ३०० लिटरचा सोलर बसवा. ५५-६० अंशांचं दहा-बारा लिटर पाणी गार पाण्यात मिसळलं की बादली होते, त्यामुळे ३०० लिटरमध्ये वीस-पंचवीस बादल्या निघतात. ऊन दिवसाचं आणि आंघोळ पहाटेची, यानेही अडत नाही. चांगलं आवरण असलेल्या टाकीतलं पाणी रात्रभरात पाच-सात अंशांनीच उतरतं. शेवटच्या दोघांना कोमट मिळेल, हे कबूल.

मालकाने माणशी ७५ रुपये भाडं वाढवलं तर त्याला महिन्याला १,८७५ रुपये मिळतात. यंत्रणा साठ हजारांना पडली तरी तीन वर्षांच्या आत फिटते. भाडेकरूचे दीडशेतले निम्मे वाचतात. पावसाळ्यात थोडं इकडेतिकडे होईल. आणि सगळी चाळ एकाच मीटरवर असेल तर हे ३७५ युनिट मालकालाच वरच्या टप्प्यात ढकलत असतात, हे त्याने आपल्या बिलात बघावं.

हे आपोआप होणार नाही. इस्रायलने १९८० मध्ये नव्या घरांना सोलर हीटर सक्तीचा केला, तेव्हा कुठे तो घरोघरी पोचला. कर्नाटकात नव्या घरांना बंधन आणि वीजबिलात छोटी सूट, अशी दोन्हींची सांगड घातली गेली. पुणे महापालिका सोलर, गांडूळ खत, पर्जन्यजल संधारण अशा प्रकल्पांसाठी मिळकतकरात ५ ते १० टक्के सवलत देते. कारेगाव, शिक्रापूर, सणसवाडी, कुरकुंभ या गावांत खोल्या भाड्याने देणं हा आता शेतीइतकाच मोठा धंदा आहे. मग खोल्या बांधणाऱ्याला घरपट्टीत सवलत आणि त्या बदल्यात सामायिक सोलरची अट, एवढं मागायला काय हरकत आहे? रॉडचा शॉक लागून माणूस गेला की हळहळ सगळं गाव करतं.

भाडेकरू बहुतेक बाहेरचे: मराठवाड्यातले, विदर्भातले, बिहार-उत्तर प्रदेशातले. ग्रामपंचायतीत त्यांचं मत नाही, त्यामुळे त्यांचा विषयही कुणी काढत नाही. तो गावातल्याच कुणीतरी काढायला हवा. २ ऑक्टोबरला ग्रामसभा असते आणि थंडी त्यानंतर महिन्याभराने सुरू होते. सोलर बसवायला दोन दिवस लागतात.