गोळीचं नाव शेवटून वाचा

नांदेडच्या डॉक्टर्स लेनमध्ये किंवा लातूरच्या गांधी चौकात ‘बीपीची बारकी पांढरी द्या’ म्हणणाऱ्यांना हसू नका. टेल्मिसार्टन म्हणताना शिकलेल्यांचीही जीभ अडखळते. नाव शेपटीकडून धरावं. ‘सार्टन’ आलं की लोसार्टन, ओल्मेसार्टन सगळी भावकीच. ‘डिपिन’ म्हणजे ॲम्लोडिपिन, सिल्निडिपिन. यांनी कधी पाय सुजतात. ‘प्रिल’नं काहींना कोरडा खोकला लागतो, ‘ओलॉल’नं नाडी मंदावते. ही शेपटं जागतिक आरोग्य संघटनेच्या नामकरण-पद्धतीतली. कंपनी बदलली, रंग बदलला, तरी औषधाचं मूळ नाव तेच. ॲम्लो म्हणा की आम्लो, दुकानदाराला कळतं. मात्र ॲमिलोराइड निराळं, आणि तेही बीपीतच देतात! तेव्हा जुनी पट्टी खिशात असू द्या, आणि टेल्मिसार्टन ४० ची की ८० ची, तेही सांगा.